देवाला दिलेला बैल

भालेराव मळ्यातल्या शांतवननं अंगणातून बायकोला हाक मारली, की कुकडी नदीपलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या बाया मान वर करून बघत. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या पाळकांनी त्याचं नाव शांतवन ठेवलं, त्यांनी त्याला रडताना ऐकलंच नसणार, असं त्याची बायको सालोमी आल्यागेल्याला सांगायची. माणूस उंचापुरा, हसरा, बोलघेवडा. चिडला तर घटकाभरच, आणि चीड उतरली की समोरच्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही.

शेती बेताची, कांद्या-बटाट्याची. माल मंचरच्या बाजारात जायचा. आजोबांच्या काळापासून घर जुन्नरच्या ख्रिस्ती मंडळीतलं. बाजारपेठेमागच्या गल्लीत कौलारू चर्च होतं. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणत. तिथल्या भजनाला शांतवनचा आवाज म्हणजे मोठा आधार. मध्येच पेटी बंद पडली तरी कुणाला कळायचं नाही.

तर असं देवाधर्माचं सगळं यथासांग होतं. फक्त माणसाचं काळीज घरी गोठ्यात बांधलेलं होतं, आणि त्याचं नाव होतं हिऱ्या.

हिऱ्या म्हणजे शर्यतीचा बैल. चैत्र-वैशाखात जुन्नर-आंबेगावच्या गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रेत बैलगाडे पळतात. ज्या चढाच्या वाटेवरून ते पळवतात तिला इकडे घाट म्हणतात. चार बैलांचा गाडा खालून सुटतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर पोचतो. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं वर्षभर बैलाला लेकरासारखं सांभाळतात. शांतवनचा हिऱ्या शेजारच्या मळ्यातल्या गोरखच्या बैलांबरोबर पळायचा. पांढराशुभ्र, आखीव शिंगांचा, घाट दिसला की जागेवर नाचायला लागणारा. त्याला उडदाची डाळ, दूध, वर अंडी.

"घरात च्याला दूध न्हाई आन् बैल अंडी खातोय," सालोमी म्हणायची. "आपल्यात पुढला जल्म मानत न्हाईत म्हनून. न्हाईतर मी बैलाचाच मागितला असता."

यात्रा गावदेवाची आणि शांतवन ख्रिस्ती, याचं कुणाला काही वाटत नसे. "यात्रा तुमची, घाट गावाचा, बैल माझा," असा त्यानं हिशेब मिटवून टाकला होता. घोटाळा एवढाच होता, की चैत्राच्या आगेमागेच पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, येतो. सत्त्याण्णव साली त्या रविवारी सकाळीच शेजारच्या गावात हिऱ्याची पाळी लागली. गाडा पहिला आला, लोकांनी भंडारा उधळला, आणि शांतवन तसाच धावत पळत जुन्नरला पोचला तेव्हा देवळात शेवटचं गीत चाललं होतं.

दारात पाळकसाहेब उभे होते. तरुण माणूस, नुकतेच बदलून आलेले. ते म्हणाले, "शांतवनराव, आज सगळी मंडळी पांढऱ्यात आली. तुम्ही पिवळ्यात?"

शांतवननं डोक्यावरून हात फिरवला. हात हळदीनं माखला. मंडळी हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं शांतवनच हसला.

पण पुढच्याच महिन्यात पाळकसाहेबांनी त्याचा सूड उगवला, तोही नकळत. उपदेशात ते म्हणाले, "देवाला काय द्यावं हे ज्याला कळत नाही, त्यानं आपल्या एकेका वस्तूचं मनात नाव घ्यावं. ज्या नावाला पोटात कालवेल ती देवाला द्यावी. बाकी सगळं म्हणजे पानात उरलेलं."

शांतवननं गंमत म्हणून सुरुवात केली. मनगटावरचं घड्याळ? खुशाल न्यावं. कांद्याचं पीक? ते तर दर साली कुणी ना कुणी नेतंच. विहिरीवरची मोटार? जराशी कळ आली, पण सोसण्यासारखी. मग हिऱ्याचं नाव मनात आलं, आणि पोटात असं काही कालवलं की तो बाकावर सरळ होऊन बसला. त्या दिवशी शेवटच्या गीताला पेटी अगदी स्पष्ट ऐकू आली. मंडळीला वाटलं, पेटी दुरुस्त झाली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. शांतवन देवाशी भांडत राहिला. घड्याळ घे म्हणाला, मोटार घे म्हणाला. देव काही बोलत नव्हता आणि हिऱ्या गोठ्यातून मान हलवत होता. शेवटी दिवाळी सरली आणि हंगामाचा सण आला.

या सणाला मंडळी शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणून ठेवते. भोपळे, बाजरीची कणसं, कोंबड्या, एखादी शेळी, कुणाची लोणच्याची बरणी. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो आणि आलेला पैसा देवळाला जातो. लिलाव पुकारायला एलिया मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी आवाज अजून वर्गातलाच. रीत अशी, की ज्यानं दिलं त्यानं बोली लावायची नाही. मात्र दुसऱ्यानं घेतलेली वस्तू प्रेमानं मूळ धन्याला परत द्यायला काही आडकाठी नव्हती. म्हाताऱ्या सखूबाईंचा भोपळा तर दर वर्षी कुणीतरी घ्यायचं आणि त्यांनाच घरी पोचवायचं. सगळ्यांना ते गोड वाटायचं. सखूबाईंना काय वाटायचं, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या सकाळी शांतवननं हिऱ्याला घासूनपुसून आणलं आणि देवळाच्या पायरीशी बांधलं. मंडळी बघतच राहिली.

"हे काय, शांतवन?" एलिया मास्तरांनी विचारलं.

"पयलं फळ," शांतवन म्हणाला. आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

लिलावात हिऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा बोली कुणी लावेना. पंचांनी डोकी एकत्र केली, बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या, आणि सगळ्या मंडळीनं मिळून बैल घेतला. शांतवनचा जीव एकदाचा मोकळा झाला, इतक्यात एलिया मास्तरांनी हिऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि दावं शांतवनच्या हातात दिलं. "मंडळीनं घेतला, आणि मंडळीच तुला परत देते आहे. असं मन देवानं सगळ्यांना द्यावं!"

टाळ्यांनी आवार दुमदुमलं. शांतवनच्या डोळ्यांतून पाणी आलं. आनंदाचं, असं सगळे म्हणाले. खोटं नव्हतं ते. दावं हातात आल्याबरोबर त्याला खरंच आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच त्याला लाज वाटली होती.

घरी येताना वाटेत तो थांबला. "सालोमे, मी बैल दिला का न्हाई?"

"दिला की."

"मग दावं कुनाच्या हातात हाय?"

सालोमीनं दाव्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच बैलाबद्दल टोमणा मारला नाही.

दुसऱ्या वर्षी शांतवननं आधीच बजावलं, "मी माघारी नेनार न्हाई." मंडळीला हा विनय वाटला. पुन्हा हार, पुन्हा टाळ्या. शांतवन हट्टानं बैल आवारातच बांधून निघाला, वाटेत पाहुण्यांकडे चहा घेतला, आणि मळ्यात पोचतो तर हिऱ्या गोठ्यात उभा. गाठ सोडवून तो एकटाच बाजारपेठेतून, एसटी स्टँडवरून, हार मिरवत घरी आला होता. वाटेत एका गाडीवरची जुडीभर मेथीही त्यानं खाल्ली, असं नंतर कळलं.

"देवानंच माघारी धाडला," मंडळी म्हणाली.

"देवानं न्हाई, अंड्यांनी धाडला," सालोमी म्हणाली.

तिसऱ्या वर्षी तर उत्सवच झाला. हिऱ्याचा हार आधीच सांगून ठेवलेला, बघायला मंचरकडचे पाहुणे आलेले. बैलापायी पैसा इतका आला की देवळाच्या गळक्या कौलांचं काम निघालं. उपदेशात दाखले शांतवनचे. लोक लेकरांना दाखवायचे, "ते बघ, ज्यांनी देवासाठी बैल दिला ते." आणि बैल देणारा माणूस संध्याकाळी त्याच बैलाला डाळ चारत बसलेला असायचा.

शेवटी तो पाळकसाहेबांकडे गेला. "सायेब, बैल दिला तरी माझा, न्हाई दिला तरी माझा. वर नाव झालं ते फुकटचं! याला काय देनं म्हनायचं?"

पाळकसाहेब हसले. "अहो, देव मनातला भाव बघतो."

"भाव हाय, सायेब. पन बैलबी घरीच हाय ना."

पाळकसाहेबांनी चहा मागवला.

घाटघरचे बहिरू आणि गोजरबाई हे जोडपं दर वर्षी भाताची कापणी उरकली की मळ्यात कामाला यायचं. कांद्याची लागण करायची, कांदा काढायचा, आणि मे सरता सरता नाणेघाटाकडच्या आपल्या गावी परतायचं. दोघंही मितभाषी. शांतवनच्या हाका ऐकून गोजरबाई पहिल्या वर्षी दचकायची, नंतर हसायला लागली. बहिरूचा हिऱ्यावर फार जीव. दुपारची भाकरी तो गोठ्याच्या सावलीत बसून खायचा.

दोन हजार सालच्या मे महिन्यात, निघायच्या आदल्या दिवशी, बहिरू कांद्याच्या ढिगापाशी नुसताच बसून राहिला.

"काय रं, घरी जायला पाय निघंना व्हय?" शांतवननं विचारलं.

"जाऊन काय करू, भाऊ?" बहिरू म्हणाला. "गेल्या पावसात एक बैल कड्यावरून घसरला. एकल्या बैलावर चिखलनी व्हत न्हाई. मागून आनावा तर आवनीच्या दिसांत समद्यांनाच बैल लागत्यात. माझी आवनी मागं पडली, आन् दानाच भरला न्हाई. औंदाबी तसंच व्हनार."

आवणी म्हणजे भाताची लावणी. डोंगरात तिचे दिवस मोजकेच. चिखल हवा तेव्हा झाला नाही, तर वर्ष हातचं गेलं. शांतवनला हे ठाऊक होतं. पण त्या क्षणी त्याला दुसरंच काही दिसलं. तीन वर्षं तो बैल घेऊन देवाचं दार शोधत होता, आणि ते दार इथं कांद्याच्या ढिगापाशी भाकरीचं फडकं झटकत बसलं होतं. त्याच्या पोटात पुन्हा तसंच कालवलं. म्हणजे जागा बरोबर होती.

हिऱ्या स्वतः डोंगरात काही कामाचा नव्हता. चिखलात जुंपला असता तर पहिल्याच फेरीला बांध ओलांडून पार कोकणात उतरला असता. तो विकायचा आणि त्यात बहिरूला डोंगरात टिकणारी जोडी घेऊन द्यायची, एवढं गणित शांतवननं तिथंच उभ्या उभ्या केलं. आधी तो गोरखकडे गेला. शर्यतीतला जोडीदार, त्याला न सांगता कसं चालेल?

गोरखनं कपाळाला हात लावला. "येडा झाला का राव! बरं, इकायचाच तर मला दे."

"तुला न्हाई. तू शेजारी. सकाळी उठून तो दिसनार, मग माझं मन तुझ्याच खुंट्याला." आणि जाता जाता तो म्हणाला, "शिवाय तू मला माघारी देशील. तुझा काय भरवसा? तूबी भला मानूस."

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बेल्ह्याच्या बैलबाजारात सांगलीकडच्या एका पाहुण्यानं हिऱ्याला बघितलं आणि जागचा हलला नाही. बैलाची पारख असलेला माणूस होता. आधी त्यानं हिऱ्याच्या मानेवरून हात फिरवला, मग किंमत विचारली. हिऱ्या टेंपोत चढताना वळून बघत होता. शांतवननं त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि भर बाजारात, त्या त्याच्या ठेवणीतल्या आवाजात, हुंदका दिला. आजूबाजूचे चार बैल बिथरले. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दावं हातात नव्हतं आणि हात रिकामे झाले होते, आणि रडता रडता त्याच्या लक्षात आलं की तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटतंय.

त्याच बाजारातून त्यानं ठेंगणी, काळी-बांडी, रुंद खुरांची जोडी घेतली. मळ्यात येऊन दोन्ही दावी बहिरूच्या हातात दिली, आणि बहिरू वाकून बैलांच्या खुरांवरून हात फिरवायला लागला.

"एकच सांगनं हाय," शांतवन म्हणाला. "हे कुनाला बोलायचं न्हाई. बोललं की हार येतो."

"आन् गावात कुनी इचारलं, बैल कुनी दिलं?"

"देवानं दिलं म्हन."

बहिरूनं जरा विचार केला. "तुमच्या का आमच्या?"

"आरं, आवनीला उशीर व्हतोय. निघ आता!"

त्या वर्षी हंगामाच्या सणाला झेंडूचा मोठा हार तयार होता. मंचरचे पाहुणे पुढच्या बाकावर होते. शांतवन आला तो काखेत एक भोपळा घेऊन.

"बैल कुठाय?" एलिया मास्तरांनी विचारलं.

"इकला."

"विकला!" मास्तरांच्या हातातला हार खाली आला. आवारात कुजबुज सुरू झाली. देवाचा बैल विकला, पैशाला भुलला, तीन वर्षं मिरवलं आणि चौथ्या वर्षी भोपळा. सालोमीच्या जिभेवर सगळं अगदी आलं होतं. शांतवननं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला. एवढं गप्प राहणं तिला लग्नातसुद्धा जमलं नव्हतं. तिचा वाटा तिनंही दिला, असंच म्हणायला हवं.

भोपळ्याला बोली लागेना. अखेर पाळकसाहेबांनी दया येऊन तो घेतला, आणि रीतीप्रमाणे हसत शांतवनपुढे धरला. शांतवननं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"न्हाई, सायेब. ह्यो तरी ठेवा."

पाळकसाहेबांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं कोण जाणे, पण ते भोपळा छातीशी धरून उभे राहिले. बाकावर बसलेल्या सखूबाई मात्र जोरात मान हलवून म्हणाल्या, "बराबर हाय त्याचं!" मग शेवटचं गीत झालं, आणि त्यात पेटी कुणालाच ऐकू आली नाही.

दुपारी दोघं मळ्यात पोचली तर ओट्यावर बहिरू आणि गोजरबाई बसलेले. घाटघरहून पहाटेच निघाले होते. पुढ्यात फडक्यात बांधलेलं मोठं गाठोडं.

"नवा तांदूळ हाय," बहिरू म्हणाला. "तुमच्या बैलांचं पयलं पीक. घरात अजून कुनी तोंडात घातला न्हाई. आधी हिकडं आनला."

सालोमीनं गाठोड्याचा अंदाज घेतला आणि नवऱ्याला आत बोलावलं. "अवो, लई हाय. मागचं साल त्यांचं कसं गेलं ठावं हाय ना? लेकरांच्या तोंडचा घास हाय त्यो. जरासा ठेवू आन् बाकीचा देऊ माघारी."

शांतवनलाही तेच वाटत होतं. 'आरं, कशाला आनलास, घेऊन जा,' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. तो ओट्यावर आला. बहिरू उभा होता. हात जोडलेले नव्हते, मान खाली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी द्यायला आलेल्या माणसासारखा ताठ उभा होता. शांतवनला आपल्या हातातलं ते दावं आठवलं, तो झेंडूचा वास आठवला.

"सालोमे," तो वळून हळू आवाजात म्हणाला, "दिलेलं माघारी आलं की देनाऱ्याचं काय व्हतं, ते मला इचार. चूल पेटीव. समदा ठिवून घे."

सालोमीनं चूल पेटवली. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. चौघं ओळीनं बसली. बहिरू काळ्या बैलाच्या खोड्या सांगत होता, गोजरबाई त्याला मध्येच दुरुस्त करत होती. पण ताट पुढ्यात आल्यावर दोघंही शांतवनकडे बघायला लागली. शांतवनचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत बहिरूनं आपल्या ताटाला हात लावला नाही.

शांतवननं घास खाल्ला. डोळे पुसले, मिरची लागल्याचं कारण सांगितलं. ताटात मिरची नव्हती. मग त्यानं अशी हाक दिली की कुकडीपलीकडच्या शेतात बायांनी मान वर केली.

"सालोमे, भात वाढ!"